आधी बाजार, मग बेत: पाच माणसांचा स्वयंपाक बेताच्या पैशांत

आमच्या घरात खाणारी पाच माणसं. मी, हे, सासूबाई, कॉलेजला जाणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. त्या एकट्याला दोन माणसं धरलं तरी चालेल, इतकी त्याला भूक. राहायला आम्ही नाशिकच्या सिडकोत, पवननगरच्या अलीकडे. हे अंबडला एका कंपनीत कंत्राटावर आहेत. पगाराची तारीख कागदावर सात, हातात कधी बारा तर कधी पंधरा. त्यामुळे किराणा, दूध, भाजी, गिरणी आणि गॅस मिळून नऊ-साडेनऊ हजारांत बसवायचं म्हणजे बसवायचंच. आमच्या लाइनीतल्या नव्या सुना विचारतात, काकू, तुमचं कसं भागतं? त्यांना जिन्यात उभ्या उभ्या सांगून पुरत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

पहिलं म्हणजे, आठवड्याचा मेनू लिहून फ्रिजला चिकटवू नका. मोबाइलवर जो तो तेच सांगतो. सोमवारी भेंडी असं लिहिलंत आणि सोमवारी भेंडी तीस रुपये पावशेर झाली, तरी तुम्ही भेंडीच आणणार, कारण तसं लिहिलंय. मी उलटं करते. त्या दिवशी बाजारात काय ओसंडून वाहतंय ते बघायचं, ते आणायचं आणि बेत घरी येऊन ठरवायचा. हे जमायला मात्र फळीवर काही डबे कायम भरलेले लागतात. डबे भरलेले असले की आज भाजी नाही मिळाली तरी घर उपाशी राहत नाही, आणि भाजीवालीसमोर "राहू दे मग" म्हणून पुढे जाता येतं.

फळीवरचे डबे

आमच्याकडे महिन्याला साधारण एवढं लागतं: गहू वीस किलो, ज्वारी-बाजरी मिळून दहा, तांदूळ सहा-सात, तूरडाळ दीड किलो, हरभऱ्याची डाळ दोन, मसूरडाळ एक, मटकी एक, मूग आणि हुलगे अर्धा अर्धा, शेंगदाणे दीड किलो, तेल साडेतीन लिटर, गूळ आणि साखर मिळून तीन किलो. तुमची माणसं कमी-जास्त असतील तसं बघा. यातल्या तेलावर आणि शेंगदाण्यांवर डोळा ठेवायचा, बाकीचं फारसं हलत नाही.

तूरडाळ एकटी शिजवायची गरज नाही. दोन वाट्या तूर आणि एक वाटी मसूर अशी डब्यातच मिसळून ठेवा. मसूर सहसा तुरीपेक्षा स्वस्त असते, लवकर शिजते, वरण दाटही होतं. आमच्या सासूबाईंनी पहिल्या घासाला ओळखलं, दोनदा नाक मुरडलं, आता त्याच विचारतात, मसूर संपली का.

हरभऱ्याची डाळ सगळ्यात कामाची. दोनातली एक किलो मी गिरणीवरून बेसन करून आणते. पुड्यातल्या बेसनापेक्षा स्वस्त पडतं आणि त्यात दुसरं कसलं पीठ मिसळलंय का, हा घोर राहत नाही. गिरणीवाल्याला एवढंच सांगायचं की डाळीवर डाळ टाक. गव्हानंतर टाकली की पहिल्या दोन मुठी पोळीचं पीठच येतं, आणि त्याची भजी तेल पितात.

भाकरीचं थोडं सविस्तर सांगते, कारण भाकरी नीट झाली की भाजीचा खर्च निम्मा होतो. बाजरी एका वेळी आठ दिवसांपुरतीच दळा, पीठ राहिलं की कडू पडतं. ज्वारी टिकते. आणि खानदेशातल्या बायका करतात तो कळणा करून बघा. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळे उडीद आणि थोडं खडेमीठ, एकत्र दळून आणायचं. माझं माहेर सिन्नरकडचं, मला हे लग्नानंतर कळलं, सासूबाई पारोळ्याच्या. कळण्याची भाकरी उडदामुळे मऊ राहते आणि पोटाला धरून राहते. तिच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा आणि कच्चं शेंगदाण्याचं तेल दिलं की आमच्याकडे कुणी "भाजी काय?" असं विचारत नाही. थंडीत आठवड्यातून एक रात्र आमची अशी निघते.

वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्ये भरला तर स्वस्त पडतो, हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते एकरकमी पैशांवर. आमच्या बायकांची भिशी आहे, तिच्यातला माझा नंबर मी मुद्दाम एप्रिलचा मागून घेते. गहू उन्हात वाळवला की लगेच कोठीत भरू नका, रात्रभर घरात पसरून गार होऊ द्या. गरम धान्य भरलं की आत घाम धरतं आणि किडे होतात. मग हाताला एरंडेल लावून चोळायचा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला.

रेशन कार्डावर धान्य मिळत असेल तर ते सोडू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. त्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे, पिवळट दिसतात. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते निवडून फेकतात. फेकू नका. लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घालून ते तांदळाच्याच पिठाचे करतात आणि शंभरात एक या हिशोबाने मिसळतात. रेशनचा जाड तांदूळ भाताला आवडत नसेल तर इडली आणि धिरड्यांना वापरा. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथ्या. बारीक तांदळापेक्षा इडली याचीच चांगली होते.

बाजार

बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, गाडगे महाराज पुलाच्या आजूबाजूला. सिडकोतून तिथे जायचं म्हणजे बसचं भाडं आलं, म्हणून एकटीने दोन किलो भाजी आणायला जाण्यात अर्थ नाही. आम्ही तिघी मिळून जातो, प्रत्येकीच्या दोन पिशव्या, आणि जे घ्यायचं ते तिघींचं मिळून पाच-पाच किलो घेतो. पाच किलो म्हटलं की भाव आपोआप खाली येतो, घासाघीस करावी लागत नाही. पावसाळ्यात निघण्याआधी घाटाकडच्या कुणाला तरी फोन करा. घाटावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, तिच्यावरूनच नाशिककर पुराचं पाणी मोजतात. तिच्या कमरेला पाणी लागलं असेल तर त्या बुधवारी तो बाजार विसरायचा.

एरवीची भाजी मी पवननगरलाच घेते, रात्री उशिरा. आठनंतर भाजीवाल्या आवरायला लागतात आणि उरलेल्या मालाचे वाटे लावतात. टोमॅटोचा वाटा, वांग्यांचा वाटा, मिरच्यांचा वाटा. वाटा घेताना वरची चार फळं बघू नका, तळाची बघा. तिला म्हणायचं, मावशी, जरा परतून दाखवा. दाखवते. वाट्यातला टोमॅटो मऊ असेल तर काही बिघडत नाही, रश्श्याला तोच लवकर विरघळतो. वांगं मात्र मऊ असेल तर घेऊ नका, आत काळं निघतं. गवार वाकवून बघा, मोडली तर ताजी, नुसती वाकली तर शिळी.

पालेभाजीचं गणित वेगळं. पंचवटीतल्या मार्केट यार्डात कोथिंबीर, मेथी, शेपू यांच्या जुड्या शेकड्याने लिलावात जातात. इथला बराच माल रात्रीच्या गाड्यांनी मुंबईला जातो. मुंबईची मागणी कमी झाली किंवा आवक वाढली की शेकड्याचा भाव एकदम कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दारात मेथी दहाला दोन जुड्या. पाऊस लागून राहिला की तीच जुडी चाळीसला. मेथी दहाला दोन असते तेव्हा चार जुड्या घ्या. दोन ताज्या खा, दोन निवडून सावलीत वाळवा. चुरा करून बाटलीत भरला की पराठ्याला, पिठल्याला, वरणाला होतो. चाळीसच्या दिवसांत पालेभाजी न खाता मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची वाळलेली भाजी खा. फ्लॉवर घेताना त्याची कोवळी पानं तोडून टाकू देऊ नका, भाजीवाली ती फुकट देते. बारीक चिरून लसणावर परतली की भाकरीबरोबर एका वेळेची भाजी झाली.

पालेभाजी धुऊन ठेवू नका. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यात सैल गुंडाळून फ्रिजमध्ये. कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात. टाकळा आणि कुर्डू अजून परवडतात. कंटोळी मोठ्या लोकांच्या ताटात गेली, तिच्या नादाला मी लागत नाही. टाकळ्याची कोवळी पानंच घ्यायची, चिरून थोडं मीठ लावून पिळायची, मग कांद्यावर परतायची. ज्या भाजीची माहिती नाही ती घेताना विकणारीलाच विचारा, कशी करायची आणि कशाबरोबर शिजवायची. काही भाज्या नीट शिजवल्या नाहीत तर घसा खाजतो, आणि ते तिच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.

कांदा-टोमॅटो

नाशकात राहून कांदा ऐंशी रुपयांनी विकत घ्यायची वेळ येते, याचा मला फार राग येतो. लासलगाव, पिंपळगाव आपल्या जिल्ह्यात आणि आपण दिवाळीत कांदे मोजून चिरतो! यावर उपाय एकच, एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा भरून ठेवायचा. हाच कांदा टिकतो. थंडीत येतो तो लाल कांदा दिसायला देखणा, पण महिनाभरात मऊ पडतो, तो साठवायचा नाही.

घरासाठी मोठा, एकसारखा कांदा घ्यायची गरज नसते. गोल्टी मागा. चाळणीतून खाली पडलेला बारीक कांदा, भाव मोठ्याच्या बराच खाली. सोलायला कंटाळा येतो हे खरं. पण आमच्याकडे ते काम रात्री टीव्हीसमोर बसून हे आणि मुलगा करतात, म्हणून मला चालतं. पन्नास किलो गोल्टी आम्हाला मेपासून दसऱ्याच्या आसपास पुरते. गोणीत ठेवू नका. पलंगाखाली विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर कांदा पसरलेला, एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त नाही. बटाटे त्याच्याजवळ ठेवायचे नाहीत, दोन्ही लवकर खराब होतात. दर रविवारी एकदा हात फिरवायचा. मऊ लागला, काळा दिसला, कोंब आला, की तो आधी वापरायचा. एक सडका राहिला तर आजूबाजूचे पाच घेऊन जातो.

टोमॅटोचा हंगाम साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत. गिरणारे, पिंपळगावकडून माल येतो आणि भाव पडला की वीस किलोची जाळी अगदी मातीमोल जाते. तिघींत एक जाळी घ्या. टोमॅटो उकडून, साल काढून, गाळून, चांगला आटेपर्यंत शिजवा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठलेल्या वड्या काढून डब्यात. उन्हाळ्यात टोमॅटो महागला की एका भाजीला दोन वड्या. फ्रिज नसेल तर हा खटाटोप नको, त्या दिवसांत चिंच, आमसूल, कैरी वापरा. नाहीतरी आपल्या आज्यांनी आमटीत टोमॅटो कुठे घातला होता?

वाटण आणि डुबुकवडे

कमी पैशांतलं जेवण बेचव लागतं ते मसाल्यात हात आखडल्यामुळे. काळा मसाला मी मेमध्ये कांडपावरून करून आणते. धणे आणि मिरची हा त्याचा मोठा भाग, खडा मसाला थोडा. खसखस मी कधीच बंद केली, कुणाला कळलं नाही. दगडफूल मात्र सोडू नका, वास त्याचाच असतो.

आठवड्याचं वाटण एकदाच करते. पाच-सहा कांदे सालासकट थेट गॅसवर किंवा तव्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, वरचं जळकं साल काढायचं. सुकं खोबरं आता फार महाग झालंय, म्हणून पूर्वी वाटीभर घालत होते त्याऐवजी अर्धी वाटी खोबरं, दोन चमचे तीळ आणि मूठभर डाळं, तिन्ही कोरडं भाजून. लसणाचा एक गड्डा, आल्याचा तुकडा आणि त्या बाजूला ठेवलेल्या कोथिंबिरीच्या काड्या. सगळं कमीत कमी पाण्यात वाटायचं. मग कढईत दोन पळ्या तेल, त्यात वाटण टाकून मीठ घालून परतत राहायचं. आधी ते उडतं, मग कडेने सुटायला लागतं आणि शेवटी तेल बाहेर येतं. तिथे थांबायचं. गार करून डब्यात भरलं की फ्रिजमध्ये आठ दिवस राहतं आणि चार रश्श्यांना पुरतं. आधीच तेलात परतलेलं असल्यामुळे रोजच्या फोडणीला चमचाभर तेल बास होतं.

आता या वाटणाचा सगळ्यात स्वस्त पदार्थ, डुबुकवडे, म्हणजे उकळत्या रश्श्यात सोडून शिजवलेले बेसनाचे वडे. घरात एकही भाजी नसताना पाच माणसं पोटभर जेवतात.

पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, वाटणाचा लिंबाच्या दुप्पट आकाराचा गोळा, दोन चमचे काळा मसाला, थोडी हळद. मसाल्याचा वास सुटला की सात-आठ वाट्या गरम पाणी आणि मीठ. रस्सा आत्ता पातळ दिसला पाहिजे, अगदी पाण्यासारखा दिसला तरी घाबरू नका, बेसन त्याला दाट करतं. तो उकळेपर्यंत दीड वाटी बेसनात जिरं, ओवा, हळद, तिखट, मीठ, चिरलेली कोथिंबीर घाला आणि हळूहळू पाणी घालत कालवा. भज्यांपेक्षा घट्ट. बोटांनी उचललं की धार लागता कामा नये, गोळा सुटून पडला पाहिजे. दोन-तीन मिनिटं एकाच दिशेने फेटलंत तर वडे आतून हलके होतात.

रस्सा खळखळ उकळत असतानाच वडे सोडायचे, बोराएवढे, एकेक करून, पातेलंभर वेगवेगळ्या जागी. उकळी बसली तर थांबा, पुन्हा येऊ द्या. सगळे सोडून झाले की पळी घालायची नाही. नव्या मुली इथेच हलवतात आणि मग पिठलं होतं. वडे तळाशी जातात, मिनिटभराने एकेक वर यायला लागतात. बहुतेक वर आले की गॅस मध्यम करा, अर्धं झाकण ठेवा आणि दहा-बारा मिनिटं शिजू द्या. एक वडा काढून मोडून बघा. आत मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला तर अजून कच्चा आहे. सगळीकडे सारखा जाळीदार दिसला की झालं. गरम गरमच वाढा, सोबत बाजरीची भाकरी आणि कांदा. दुसऱ्या दिवसाला ठेवू नका, वडे सगळा रस्सा पिऊन बसतात. उरलेच तर सकाळी कुस्करून त्यातच ज्वारीचं पीठ घालून थालीपीठ लावा.

तेल आणि गॅस

तेलाच्या पिशवीवर आधी ग्रॅम वाचा. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. बाजारात ८००-८५० ग्रॅमच्या पिशव्याही तशाच दिसतात आणि दहा रुपये स्वस्त म्हणून आपण उचलतो. महिन्याचं तेल एका किटलीत आणि त्या आठवड्याचं छोट्या बाटलीत काढून ठेवा. बाटली शुक्रवारी संपली तर शनिवार-रविवार उकडीचं, भाजक्याचं, भरताचं खायचं. किटलीला हात लावायचा नाही. तळण मी महिन्यातून एकदाच काढते, सणाला. त्या दिवशी सगळ्यांचं मन भरेपर्यंत.

डाळ अर्धा तास भिजवून कुकर लावला की शिट्ट्या निम्म्या होतात. खाली डाळ, वर भात, त्याच्यावर बटाटे किंवा बीट. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच, आधी घातलंत तर आंबटाने डाळ दडस राहते. ज्योत पिवळी दिसली, भांड्याची बूडं काळी व्हायला लागली, की बर्नर काढून घासा. सकाळची फोडणी एकदाच करा आणि अर्धी डाळीवर, अर्धी भाजीवर घाला.

मुलं आणि बाहेरचं खाणं

खरा पैसा जातो तो संध्याकाळी पाच ते सातमध्ये. वीसचा वडापाव, दहाचं पाकीट, तीसची पाणीपुरी. मुलाला ओरडून उपयोग नसतो, घरी आल्या आल्या काहीतरी हातात पडलं पाहिजे. मुरमुऱ्यांचा चिवडा डबाभर असतो. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा, कांदा आणि शेंगदाणे घालून. गूळ-शेंगदाण्याची चिक्की नाही जमली तर नुसते गूळ-शेंगदाणे. द्राक्षांच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, घडातून सुटलेले मणी गाडीवाले वेगळ्या पाटीत ठेवतात, घडाच्या भावापेक्षा बऱ्याच कमीत. चवीत काही फरक नाही, फक्त त्याच दिवशी संपवायचे, आणि मिठाच्या पाण्यातून दोनदा धुऊन.

रविवारी मिसळ खायला चला, ही मागणी नाशकातल्या प्रत्येक घरात असते. पाच जण बाहेर गेलो की आमच्या आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले. म्हणून ती घरीच. दोन वाट्या मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालते, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधते, रविवारपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात रात्रभरात येतात, पण डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत एक दिवस जास्त धरा आणि गाठोडं कुकरमध्ये झाकण लावून ठेवा. मटकी नुसती हळद-मीठ घालून शिजवायची. कट वेगळा: तेच वाटण, काळा मसाला, लाल तिखट, आणि मटकी शिजवलेलं पाणी. तर्री हवी म्हणून तेलाची वाटी ओतू नका. दोन चमचे तेल गरम करून गॅस बंद करा, त्यात चमचाभर लाल तिखट टाका आणि ती फोडणी वरून घाला, लाल दिसते तेवढी पुरे. फरसाण पाव किलो, कांदा आपलाच, लिंबू महाग असेल तर ताकाचा ग्लास सोबत. पाव बेकरीतून सकाळी लादीने आणायचा.

अंडी आठवड्यातून दोनदा. चिकन पगाराच्या आठवड्यात, अर्धा किलो, हाडांसकट, रस्सा भरपूर. तुकडे मोजून वाढावे लागतात, पण रस्सा-भाकरीला कुणी मोजत नाही. बोंबील आणि सुकट सासूबाईंना चालत नाही, म्हणून त्या माहेरी गेल्या की.

न सांगता आलेले पाहुणे

यासाठी एक डबा वेगळा ठेवा आणि मुलांपासून लपवा: पाव किलो जाड तिखट शेव. वाटण आहेच. डुबुकवड्यांसारखाच रस्सा करायचा, फक्त पाणी थोडं कमी आणि मीठही कमी, कारण शेवेत असतं. रस्सा उकळत ठेवायचा, तोवर भाकऱ्या होतात. चार पाहुणे वाढले तर रश्श्यात दोन वाट्या पाणी, अर्धा चमचा मसाला आणि चमचाभर बेसन पाण्यात कालवून, एवढं वाढवलं की पुरतं. शेव मात्र सगळे पाटावर बसल्यावरच घाला. आधी घातलीत तर पाहुणे हात धुऊन येईपर्यंत तिचा लगदा झालेला असतो.